पिंपापासून मेंदूपर्यंत

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पाणी’ हा विषय दिला, तेव्हा मला धरणाकडे किंवा टँकरच्या रांगेकडे जायचं नव्हतं. मला जायचं होतं लहान मुलांच्या वॉर्डात. मराठवाड्यातल्या ज्या शहरांत नळाला कैक दिवसांनी पाणी येतं, तिथे पावसाळा सरता सरता बालरोग विभाग डेंग्यूनं भरून जातो. त्यातली काही मुलं शुद्ध हरपून येतात, काही आकडी येऊन, तर काही पायातलं बळ गेलं म्हणून उचलून आणलेली. डेंग्यू म्हणजे ताप, अंगदुखी आणि कमी झालेल्या पेशी, एवढंच आपण धरून चालतो. हा आजार मुलाच्या मेंदूपर्यंत कसा पोहोचतो आणि त्याआधी त्याला कुठे अडवता येतं, हे पाहण्यासाठी मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आणि तिथली मुलं ज्या वस्त्यांतून येतात तिथे गेले. मुलांची, घरच्यांची आणि डॉक्टरांची नावं इथे मुद्दामच दिलेली नाहीत.

‘ताप उतरला, म्हणलं सुटलो’

दुपारी वॉर्डात दोन खाटांच्या मधल्या जागेतही सतरंज्या पसरलेल्या होत्या. भिंतीकडच्या खाटेवर सात वर्षांची एक मुलगी होती. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी. निवासी डॉक्टर तिच्या कानाशी वाकून विचारत होत्या, “बाळा, नाव काय तुझं? शाळेतल्या बाईंचं नाव काय?” मुलीनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि परत मिटले. डॉक्टरांनी तिच्या बोटाचं नख काही सेकंद दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवं. मग पावलं गार पडली आहेत का ते हात लावून पाहिलं. रक्तदाब घेतला तेव्हा वरचा आणि खालचा आकडा यांतल्या अंतरावर त्यांचं लक्ष होतं. ते २० किंवा त्याहून कमी झालं, की मूल शॉकमध्ये चाललं असं समजतात, वरचा आकडा दिसायला चांगला असला तरीही. शेवटी लघवीची पिशवी पाहिली आणि सगळं तक्त्यावर उतरवलं. तासाभरानं हेच सगळं पुन्हा करायचं होतं.

मुलीची आई पायथ्याशी बसली होती. चार दिवस ताप फणफणत होता, असं तिनं सांगितलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून डेंग्यू असल्याचं सांगितलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी अंग थंड लागलं. “ताप उतरला, म्हणलं सुटलो. पोरगी झोपून राह्यली, तर दमली असंल म्हणून झोपू दिली.” दुपारी दोन उलट्या झाल्या. संध्याकाळी तिनं धाकट्या भावाला भलत्याच नावानं हाक मारली, उशाशी ठेवलेला तांब्या तिला दिसेना. “तवा वाटलं, ही आपल्यात न्हाई.” रात्री आकडी आली आणि रिक्षा करून तिला इथे आणलं.

डॉक्टरांनी या बाईचं बोलणं शब्दशः केस पेपरवर लिहून घेतलं होतं. ताप कधी उतरला, त्यानंतर मूल किती वेळ झोपून होतं, शेवटची लघवी कधी झाली, माणसं ओळखायचं कधी थांबलं. उपचाराची दिशा ठरवताना प्रयोगशाळेच्या अहवालाइतकाच या उत्तरांचा उपयोग होतो, असं त्या म्हणाल्या.

पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकारानं गाठलं तर आधीच्या प्रतिपिंडांमुळेच आजार बळावू शकतो. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक धोक्याचा मानतात. तान्ह्या बाळांना मात्र पहिल्याच वेळी गंभीर आजार होऊ शकतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं काही महिन्यांत विरळ होतात आणि तेव्हा राखण करण्याऐवजी विषाणूला पेशींत शिरायला मदत करतात.

डास चावल्यानंतर ४ ते १० दिवसांनी ताप येतो आणि २ ते ७ दिवस राहतो. घरच्यांना हाच आजाराचा मुख्य काळ वाटतो. डॉक्टरांची खरी परीक्षा ताप उतरताना सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, २४ ते ४८ तास बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. रक्तातला पातळ भाग बाहेर पाझरून छातीत आणि पोटात साठतो. वॉर्डात त्याला “छातीत पाणी झालंय, पोटात पाणी झालंय” म्हणतात. अंगात पाणी असतं, पण ते रक्तवाहिन्यांच्या बाहेर. आत उरलेलं रक्त घट्ट होत जातं. मूल थंड पडतं, निपचित होतं किंवा उगाच चिडचिड करतं. बहुतेक मुलं योग्य देखरेखीत हा काळ सुखरूप पार करतात. ज्यांचा तोल इथे सुटतो, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूवर घाला येतो.

किती मुलांवर? बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००१ साली १,४९३ डेंग्यूग्रस्त मुलांचा अभ्यास मांडला, त्यात ८० मुलांमध्ये मज्जासंस्थेची लक्षणं होती. त्याच वर्षी व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीच्या डॉक्टरांनी रक्तस्रावी डेंग्यूच्या ५,४०० मुलांपैकी २७ जणांच्या मेंदूवर परिणाम झाल्याचं नोंदवलं, आणि त्या २७ पैकी सुमारे पाचातलं एक मूल दगावलं होतं. दोन्ही प्रमाणांत फरक दिसतो, कारण एका ठिकाणी साधी आकडीही मोजली आहे आणि दुसरीकडे शुद्ध हरपणं. प्रमाण थोडं वाटतं. पण एका पावसाळ्यात एका जिल्ह्यात किती मुलांना डेंग्यू होतो हे लक्षात घेतलं, की ती मुलं कुठल्या खाटांवर आहेत हे वॉर्डात फिरताना दिसतं.

मेंदूवर घाला कसा येतो

विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मला कागदावर दोन रकाने आखून समजावलं. पहिल्या रकान्यात विषाणू स्वतः मेंदूत शिरतो आणि तिथे दाह होतो. हा खरा मेंदूज्वर. दुसऱ्या रकान्यात मेंदूत विषाणू नसतोही, पण शरीरातल्या उलथापालथीनं मेंदूचं काम थांबतं. शॉकमुळे रक्त कमी पोचतं. रक्तातली साखर घसरते. यकृत थकतं आणि त्यानं बाहेर टाकायची विषारी द्रव्यं रक्तात साठतात. क्षार बिघडतात. क्वचित डोक्यात रक्तस्राव होतो. “आमच्याकडे येणाऱ्यांत दुसऱ्या रकान्यातली मुलं जास्त,” ते म्हणाले, “आणि त्यातलं बरंचसं वेळेत हेरता येतं, सुधारताही येतं. म्हणून आम्हाला ती मुलं सहा तास आधी हवी असतात.”

क्षारांची गोष्ट त्यांनी सविस्तर सांगितली, कारण तिथे घरातलं आणि छोट्या दवाखान्यातलं प्रेमच आडवं येतं. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं. आजारात शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात मुलाला नुसतं साधं पाणीच पाजत राहिलं, किंवा दवाखान्यात ‘ताकद येईल’ म्हणून साखरेचं सलाईन चढवलं, तर सोडियम आणखी पातळ होतं. मग पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, आतली सूज बाहेर सरकायला जागा नाही. डोकं दुखतं, उलट्या होतात, मूल गुंगतं, आकडी येते. म्हणून डेंग्यूत तोंडानं द्यायचं ते जीवनरक्षक क्षारसंजीवनी, मीठ घातलेली पेज, ताक, डाळीचं पाणी. आणि शिरेतून द्यायचं ते मिठाचं सलाईन, तेही मोजून.

मोजून यासाठी, की इथे दोन्हीकडून धोका आहे. पाणी कमी पडलं तर मेंदूला रक्त मिळत नाही. जास्त झालं तर मेंदूची सूज वाढते आणि फुप्फुसात पाणी भरतं. गळती थांबली की बाहेर साठलेलं पाणी आपोआप रक्तात परततं. त्या वेळी सलाईन चालूच राहिलं तर सुधारत चाललेलं मूल पुन्हा बिघडतं. तासातासाला नख, पावलं आणि लघवी पाहण्याचं कारण हे. ज्या मुलांचा मेंदू सुजला आहे, त्यांचं डोकं ३० अंश उंच ठेवतात, सूज उतरवण्यासाठी ३ टक्के मिठाचं सलाईन किंवा मॅनिटॉल देतात, आकडीचं औषध चालू करतात, गरज पडली तर कृत्रिम श्वास देतात. डेंग्यूच्या विषाणूला मारणारं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. मूल वाचतं ते या निगराणीवर.

यकृताच्या बाबतीत आणखी एक घरगुती गफलत होते. तापाचं पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. बाळाचे थेंब चमच्यानं मोठ्या भावंडाला पाजले, किंवा ताप उतरेना म्हणून दर दोन तासांनी डोस दिला, तर आधीच थकलेल्या यकृतावर भार पडतो. औषध वजनाप्रमाणे आणि दोन डोसांत सहा तास ठेवून द्यायचं. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर डेंग्यूच्या संशयातही देऊ नयेत.

पाठीचं पाणी

तापासोबत बेशुद्धी, आकडी असं दिसलं की डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो तो हा, की हा नक्की डेंग्यूच आहे का? आपल्याकडे पावसाळ्यात मेंदू गाठणारे आजार बरेच आहेत. जपानी मेंदूज्वर आहे, मेंदूचा मलेरिया आहे, जिवाणूंचा मेंदूज्वर आहे. चांदीपुरा आहे, जो १९६५ साली नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावातल्या रुग्णांत पहिल्यांदा सापडला आणि २००३ साली विदर्भात आणि आंध्रात मुलांचा बळी घेऊन गेला. आणि स्क्रब टायफस आहे, जो झुडपांतल्या सूक्ष्म किड्याच्या चाव्यानं होतो.

माझ्यासमोर निवासी डॉक्टरांनी एका मुलाचे कपडे काढून कानामागं, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली विजेरीनं तपासलं. त्या एक काळी खपली शोधत होत्या. स्क्रब टायफसचा किडा चावतो तिथे ती उमटते. ती सापडली, किंवा नुसता दाट संशय असला, तरी डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू होतं, कारण ते साधं औषध वेळेत मिळालं नाही तर मूल जातं. डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे बाकीचे आजार नाहीत असं होत नाही. साथीच्या दिवसांत दोन्ही एकत्र असू शकतात.

मेंदूच्या दाहाचा पक्का पुरावा मिळतो तो पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात. ‘पाठीचं पाणी काढायचंय’ म्हटलं की नातेवाईक हादरतात. त्यानं पाय जातात, असा जुना समज घरोघरी आहे. नीट केलं तर ते सुरक्षित आहे. डेंग्यूत अडचण निराळी असते. रक्त गोठवणाऱ्या पेशी खूप उतरलेल्या असतील तर सुईच्या जागी रक्तस्राव होण्याची भीती, आणि मेंदू फार सुजला असेल तर दाब अचानक घटण्याची. म्हणून डॉक्टर वाट पाहतात आणि तोवर ज्या आजारांवर औषध आहे, त्या सगळ्यांची औषधं सुरू करून ठेवतात. पेशी वर आल्या की पाणी काढून त्यात विषाणू किंवा त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात. डेंग्यूच्या प्रतिपिंडांची तपासणी करणारे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात आणि देशभरातल्या ठरावीक सरकारी प्रयोगशाळांना पुरवले जातात. एमआरआय मिळाला तर त्यातही खूण दिसू शकते. मेंदूच्या खोल भागात, दोन्ही थॅलॅमसमध्ये, एकात एक अशी वलयं उमटलेली असतात.

पेशींचा धाक

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात मात्र एकाच आकड्याची चर्चा. “तुमच्या किती आहेत?” “काल चाळीस होत्या, आज अठ्ठावीस.” पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध यांच्या पिशव्या खाटांखाली. भिंतीकडच्या खाटेवरच्या त्या मुलीच्या चुलत्यांनी रक्तपेढीत जाऊन दोन पिशव्या बांधून ठेवल्या होत्या, लागल्या तर म्हणून.

नातलगांची धडपड समजण्यासारखी आहे. करण्यासारखं काहीतरी हातात हवं असतं, आणि आकडा तो आधार देतो. पण पेशींचा आकडा मुलाची अवस्था सांगायला पुरत नाही. वीस हजारांवर असलेलं मूल खेळत असतं आणि ऐंशी हजारांचं मूल शॉकमध्ये असतं, असं डॉक्टर रोज पाहतात. रक्तस्राव नसताना निव्वळ आकडा वाढवायला पेशी चढवून फायदा होतो का, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत प्रौढ रुग्णांवर तपासलं गेलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार रक्तस्राव टळला नाही, उलट पेशी चढवलेल्यांना त्रास अधिक झाला. उलट्या होणाऱ्या मुलाला कडू रस बळेच पाजला तर उलट्या वाढतात, पाणी आणखी घटतं आणि कुठली उलटी आजाराची ते कळेनासं होतं.

माझी खंत ही, की या आकड्याच्या गर्दीत आईचं निरीक्षण मागे पडतं. ‘पेशी वाढल्या’ हे ऐकून घरचे निर्धास्त होतात आणि मूल चार तास हाक मारूनही नीट जागं होत नाही, याकडे कुणाचं लक्ष नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या खुणांमध्ये सततच्या उलट्या आणि पोटदुखी यांच्या बरोबरीनं सुस्ती आणि अस्वस्थपणा धरले आहेत. त्या ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला रोज पाहणारं माणूस लागतं.

ताप गेल्यावर पाय गेले

रुग्णालयाच्या दुसऱ्या इमारतीत व्यायामोपचाराची खोली आहे. तिथे नऊ वर्षांचा एक मुलगा शर्टाची बटणं लावायचा सराव करत होता. अंगठा बटणापर्यंत जायचा, पकड सुटायची. ताप बरा होऊन तो शाळेतही जाऊन आला होता. मग एके सकाळी पाय जड झाले, दोन दिवसांत उभं राहता येईना, पुढे हातही ढिले पडले. हा गिया-बारे आजार. विषाणूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांच्या आवरणावर उलटते. डेंग्यूनंतर एक ते तीन आठवड्यांत असे उलटवार होऊ शकतात, कधी नसांवर, कधी मणक्यातल्या मज्जारज्जूवर, कधी थेट मेंदूवर. वार कुठे झाला आहे ते पाहून इम्युनोग्लोब्युलिन किंवा स्टेरॉईड देऊन त्यावर उपचार होतात. श्वासाचे स्नायू ढिले पडले तर काही काळ व्हेंटिलेटर लागतो. काही मुलांचे पाय तापातच लुळे पडतात आणि रक्तात पोटॅशियम उतरलेलं आढळतं. ते भरून दिलं की मूल एक-दोन दिवसांत चालू लागतं. म्हणून ‘लकवा’ म्हणून हताश होण्याआधी ही एक साधी रक्ततपासणी हवीच.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय असे अचानक लुळे पडले, की सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे. पोलिओ नाही ना हे पाहण्यासाठी चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घेतात. त्या मुलाचे वडील त्यामुळे घाबरले होते, पोराला पोलिओ झाला असंच त्यांना वाटलं. कुणीतरी पाच मिनिटं बसून समजावून सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

ज्यांच्या मेंदूला दाह होऊन गेला त्यांची वाट लांबची असते. बरीच मुलं पूर्ण बरी होतात. काहींचं बोलणं अडखळतं, काही चिडकी होतात, पाढे विसरतात, काहींना वर्षानुवर्षं आकडीच्या गोळ्या लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे वाचा, हालचाल आणि शिकण्यावर उपचार मिळू शकतात. पण घरी सोडतानाच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख आणि त्या केंद्राचा पत्ता लिहिलेला नसेल, तर मजुरी बुडवून पुन्हा शहरात कोण येणार? शाळेतही ‘हा आता लक्ष देत नाही’ एवढाच शेरा पडतो.

सोमवारी येणारं पाणी

आजाराचं मूळ पाहायला मी एका आशाताईंबरोबर वस्तीत गेले. दारोदार निळी प्लॅस्टिकची पिंपं, टीपाडं, सिमेंटच्या टाक्या. जायकवाडीसारखं मोठं धरण जवळ असूनही छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरानं वर्षानुवर्षं काही दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले आहेत. पाणी साठवणं ही इथली गरज आहे, निष्काळजीपणा नव्हे.

आशाताईंनी एका पिंपाचं फळकूट बाजूला करून विजेरी आत मारली. काठाजवळ बारीक अळ्या वळवळत होत्या आणि प्रकाश पडताच तळाकडे पळाल्या. घरातली बाई म्हणाली, “ताई, ओतायला सांगू नका. नळ आता सोमवारीच.” डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. नळाचं चक्र आणि डासाचं चक्र जवळपास सारखंच आहे, ही इथली खरी अडचण.

त्यावर आशाताईंकडे व्यवहारी उत्तर होतं. पाणी फडक्यानं दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचं. रिकाम्या पिंपाच्या आतल्या भिंती काथ्यानं खसखसून घासायच्या, म्हणजे अंडी सुटतात. नुसतं विसळून भागत नाही. मग गाळलेलं पाणी परत भरून तोंडावर जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा नाडीनं घट्ट बांधायचा. फळकुटाच्या फटीतून डास जातो, बांधलेल्या कापडातून जात नाही. ‘कोरडा दिवस पाळा’ हा संदेश अशा घरात या रीतीनंच पाळता येतो. मोठ्या टाक्यांत गप्पी मासे, वापराच्या पाण्यात ठरलेल्या मापानं टेमीफॉस हे अळीनाशक. धूरफवारणीनं लोकांना समाधान वाटतं, पण एडिस घरात, खाटेखाली, कपड्यांमागे बसतो आणि रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत क्वचित पोचतो. शिवाय हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी अधिक. म्हणून दुपारी झोळीत निजलेल्या बाळावरही मच्छरदाणी हवी.

लशीकडे डोळे लागले आहेत. भारतात तयार होत असलेल्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केली, दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर. पण ते स्वयंसेवक प्रौढ आहेत. मुलांपर्यंत लस पोचेपर्यंत पिंपाचं तोंड बांधणं हीच त्यांची राखण.

आईचं म्हणणं कागदावर

हे सगळं पाहिल्यावर मला तीन गोष्टी ठामपणे मागाव्याशा वाटतात.

पहिली घरच्यांकडे. डेंग्यूच्या मुलाचा ताप उतरला, की पुढचे दोन दिवस सर्वांत जागरूक राहायचं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, मुलाला उठवून नाव विचारा, घोटभर क्षारसंजीवनी पाजा. ते माणसं ओळखत नसेल, असंबद्ध बोलत असेल, रडून थांबत नसेल किंवा हलवूनही जागं होत नसेल, सतत उलटी होत असेल, हातपाय गार असतील, सहा तास लघवी झाली नसेल, तर पेशींचा अहवाल येण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आकडी आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा हुंगवत वेळ दवडू नका.

दुसरी दवाखान्यांकडे. पेशींच्या आकड्याशेजारी एक ओळ मुलाच्या शुद्धीची आणि आईनं सांगितलेल्या बदलाची लिहा. पुढे पाठवताना साखर तपासा, मिठाचं सलाईन किती दिलं ते लिहा, शेवटच्या लघवीची वेळ लिहा. त्या चिठ्ठीनं मोठ्या रुग्णालयातला पहिला तास वाचतो.

तिसरी नगरपालिकांकडे. ज्या वस्तीत पाणी आठवड्यानं येतं, तिथे डेंग्यूचा दोष बायकांच्या पिंपांवर ढकलता येणार नाही. पाणी नियमित देता येत नसेल, तर निदान पिंपाला बसणारी झाकणं द्या आणि नळ सुटण्याच्या आदल्या दिवशी घासणीची फेरी ठरवा. मुलाच्या मेंदूवरच्या उपचारात मुलांच्या अतिदक्षता विभागातली एक खाट, व्हेंटिलेटर, इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या आणि वर्षभराचा व्यायाम लागतो. झाकणाला त्यातलं काहीच लागत नाही. हा खर्च कुठे करायचा, हे ठरवण्याची वेळ दर उन्हाळ्यात येते आणि पावसाळा सुरू होण्याआधी ते ठरवता येतं.